व्याह्यांच्या मागून झिऱ्याकडे

वरकुट्याच्या तात्याबांनी आयुष्यात दोन गोष्टी मनापासून वाढवल्या. एक मेंढरं आणि दुसरा म्हस्कूचा झिरा. मेंढरं पुढं विकून टाकली, त्या पैशात बोअर घेतली, बोअरला पाणीही लागलं, पण बेताचंच. झिरा मात्र कधी आटला नाही, कारण तो तात्याबांच्या तोंडात होता.

खरा झिरा होता तो लहानसाच. तात्याबा पोरसवदा असताना बापाच्या मेंढरांमागं माळ तुडवत हिंडायचे, तेव्हा म्हस्कू नावाच्या एका म्हाताऱ्या मेंढक्यानं त्यांना तो दाखवला होता. दोन दरडींच्या मधे एक फट. माणूस आडवा होऊन शिरेल एवढीच. आत गेलं की कपारीतून पाझरून दगडाच्या खोलगटात साचलेलं गार पाणी. उपसलं की पुन्हा भरायचं, शिमग्यानंतरही भरायचं. एवढीच गोष्ट. पण एवढीच गोष्ट सांगून माणूस चावडीवर किती दिवस बसणार? पहिल्या वर्षी झिऱ्यावर घागर भरली. पुढं कळप पाणी पिऊन जायला लागला. बहात्तरच्या दुष्काळात तर त्या झिऱ्यानं तीन गावं तगवली आणि त्यातल्या एकाही गावाला ते कळलं नाही.

सारजाच्या लग्नात मात्र तात्याबांची गाडी रुळावरून घसरली. मुलगी दिली होती सांगवीला. सांगवी म्हणजे कॅनॉलच्या काठचं गाव. तिथल्या माणसाला पाण्याचं कौतुक सांगू नये, हे तात्याबांना कळायला हवं होतं. पण पंगत रंगात आली होती, व्याही दादासाहेब शेजारीच जेवायला बसले होते, आणि तात्याबा बोलून गेले, "दादासाहेब, आमच्या म्हस्कूच्या झिऱ्यावर तुमचा अख्खा साखर कारखाना चालंल!"

दादासाहेबांनी हातातला घास ताटात ठेवला. "आसं म्हणता? मंग आमी कॅनॉल बुजवून टाकतो. उगंच जागा अडलीया."

सगळी पंगत हसली. तात्याबाही हसले, कारण मुलीच्या बापाला दुसरं काही करता येत नाही. पण पंगत उठली तरी ते हसू उठलं नाही. ते सारजाच्या ट्रंकेशेजारी जीपमध्ये बसून सांगवीला गेलं आणि तिथंच राहिलं.

सांगवीची माणसं वाईट नव्हती. सुनेला कुणी उणंदुणं बोलत नव्हतं. फक्त तिचं कुणी खरं मानत नव्हतं. सारजा म्हणायची, "आत्या, दूध नासलंय," तर सासूबाई साखरबाई म्हणायच्या, "व्हय का? का झिऱ्यावानी नासलंय?" आणि त्याच दुधाचा चहा करायच्या. सारजा म्हणाली, कडब्याच्या गंजीत साप हाय. दादासाहेब म्हणाले, "केवढा हाय? कारखान्याला पुरंल?" संध्याकाळी साप गंजीतून निघून त्यांच्या पायताणावर येऊन बसला, तेव्हाही हळहळ झाली ती पायताणाची. सारजाच्या शब्दाकडं कुणाचं ध्यान गेलं नाही.

संक्रांतीला माहेरी आली तेव्हा सारजानं आईला हे सगळं सांगितलं, आणि मग बापापुढं येऊन उभी राहिली.

"आबा, येक तर त्यास्नी झिरा दाखवा, न्हाय तर झिरा न्हाय म्हणून सांगा. मदीच लोंबकळून माझी दोन वर्सं गेली."

रडली असती तर तात्याबांनी समजूत घातली असती. ती रडली नाही, त्यामुळं त्यांना रात्रभर झोप आली नाही.

*

झिऱ्याचा माळ तोवर माळ राहिला नव्हता. वनखात्यानं त्याला तारेचं कुंपण घातलं होतं, रस्त्याच्या बाजूला एक कमान उभी केली होती आणि कमानीवर 'वन उद्यान' असं लिहिलं होतं. आत एक घसरगुंडी होती, चार बाक होते आणि सिमेंटची दोन हरणं होती. माळावरची खरी हरणं लांब उभी राहून त्या दोघांकडं बघायची आणि काही न बोलता निघून जायची. 'फुले तोडू नयेत' अशी एक पाटी होती. तिच्या बुडाशी रुईचं एक झुडूप होतं आणि उद्यानातली सगळी फुलं त्या झुडपालाच होती.

शिमगा झाल्यावर एका रविवारी दादासाहेबांची जीप त्या कमानीपुढं थांबली. स्वतः दादासाहेब चालवत होते. पांढरंशुभ्र धोतर, रंगीत पटका, आणि कॅनॉलच्या पाण्यावर पोसलेलं भक्कम पोट. मागं साखरबाई, सारजा आणि तात्याबांची बायको तानूबाई बसल्या होत्या. जावईबापूंची कारखान्यात पाळी होती, ते सुटले. तात्याबा पुढं दादासाहेबांच्या शेजारी अंग चोरून बसले होते. खुशाल टेकून बसायला ते काही वरबाप नव्हते.

फाटकावर वनरक्षक होता, पिंपळीचा रविंद्र. खाकी कपडे, गळ्यात शिट्टी.

"काय वो, सायब," दादासाहेबांनी जीपमधूनच विचारलं, "हितं आत म्हस्कूचा झिरा हाय का?"

"नकाशात तर न्हाय."

"बघा!" दादासाहेब तात्याबांकडं वळले.

"पण नकाशात ही फाटकबी न्हाय," रविंद्र म्हणाला. "मी म्हैन्यापूर्वी बदलून आलोय. सायबांनी सांगितलंय फाटक सोडायचं न्हाय, म्हणून मी आत फारसा गेलो न्हाय. तुमाला घावला तर मला बी सांगा. पानी मी घरनं आणतो."

"घावला तर सांगू की," दादासाहेब म्हणाले, आणि 'तर' या शब्दावर त्यांनी असा काही जोर दिला की तात्याबांना पुढची वाट चढणीची वाटायला लागली.

*

आता झिरा सापडायला अडचण कसलीच नव्हती. वाट तात्याबांना माहीत होती. तीस वर्षांत माळ जरा बदलला होता, जुन्या पायवाटा गवतात गेल्या होत्या, तरी दरडी काही उठून दुसरीकडं राहायला गेल्या नव्हत्या. कमानीतून सरळ, मग हिवराच्या दोन झाडांपाशी उजवीकडं, मग उताराला लागायचं.

अडचण वेगळीच होती. मुलीच्या बापानं व्याह्याच्या पुढं चालायचं नसतं.

हे कुणी शिकवावं लागत नाही. व्याह्याच्या आधी जेवायला बसायचं नाही, व्याह्याच्या आधी उठायचं नाही, व्याही बोलताना मधे बोलायचं नाही आणि व्याही चालत असले तर एक पाऊल मागं. आजवर कुणाचं त्यामुळं अडलं नव्हतं, कारण आजवर कुणी व्याह्याला घेऊन हरवलेली जागा शोधायला निघालं नव्हतं.

कमानीतून आत आल्यावर दादासाहेब थांबले. "चला तात्या. व्हा म्होरं."

"छे छे! तुमी म्होरं व्हा, पाव्हणं."

"आवो, वाट तुमाला ठावं."

"वाटंचं काय, तुमी जाल तीच वाट."

तात्याबांनी हे पाहुणचार म्हणून म्हटलं होतं. दादासाहेबांनी ते खरं मानलं. धोतराचा सोगा हातात धरून ते निघाले, आणि दोन हिवरांपाशी येऊन ऐटीत डावीकडं वळले.

तात्याबा खाकरले.

"काय झालं?"

"काय न्हाय. ही उजवीकडची बाजू बी बरी दिसतीया, नव्हं? जरा सावली हाय."

"डावीकडं वारं हाय," दादासाहेब म्हणाले, आणि डावीकडंच गेले.

मागून तानूबाईंनी नवऱ्याच्या पाठीत बोट टोचलं. "आवो, त्या बाजूला काय हाय? तितं आपली मेंढरंसुदिक जात नव्हती."

"गप. पाव्हणं म्होरं हायेत."

"म्हणूनच म्हणतीया."

पुढं प्रत्येक फाट्याला हेच झालं. दादासाहेब विचारायचे, "हिकडं ना?" तात्याबा म्हणायचे, "आता तुमी म्हणता तर हिकडंच." एकदा त्यांनी आभाळाकडं बघून सांगितलं की पूर्वी घारी त्या बाजूला फिरायच्या. एकदा नुसतेच त्या बाजूला तोंड करून उभे राहिले. एकदा तर पायात काटा मोडल्याचं निमित्त करून बसले आणि उठताना तोंड बरोबर दरडींकडं येईल असे उठले. दादासाहेबांनी काळजीनं काट्याची चौकशी केली आणि उलट दिशेला चालू लागले. वाटा चुकायच्या तर त्या इतक्या आत्मविश्वासानं चुकवणारा माणूस तात्याबांनी पाहिला नव्हता.

खरं सांगायचं तर तात्याबांना थोडं बरंही वाटत होतं. झिरा होता, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. पण केवढा होता? तीस वर्षं सांगता सांगता त्यांचाच अंदाज सुटला होता. व्याह्यांनी वाट चुकवली आणि झिरा सापडला नाही, तर दोष कुणाचाच नाही. असं मनात आलं की लगेच मागून सारजाच्या बांगड्या वाजायच्या आणि तात्याबांना आपलीच लाज वाटायची.

माळावरचं कुसळी गवत वाळून पिवळं झालं होतं. त्याची कुसळं वनखात्याला घाबरत नाहीत आणि व्याह्यालाही ओळखत नाहीत. तासाभरात दादासाहेबांचं पांढरं धोतर साळिंदरासारखं दिसायला लागलं. ऊन चढलं. बायका मागं पडल्या. मग साखरबाईंनी लांबूनच हाक मारून सांगितलं की आम्ही जरा आडोशाला जाऊन येतो, तुम्ही व्हा पुढं. आणि तिघीजणी खालच्या अंगाला दिसेनाशा झाल्या.

*

एका बाभळीच्या विरळ सावलीत दादासाहेब धपकन बसले. धोतरातलं एक एक कुसळ काढून ते शेजारी मांडू लागले.

"तात्या, राग नगा मानू. पण माळ सगळा बघितला का न्हाय आपण?"

तात्याबांना म्हणायचं होतं की आपण एकाच टेकाडाला तीन फेऱ्या मारल्या. ते म्हणाले, "लई बघितला."

"झिरा दिसला?"

"हा जो बघितला त्यात न्हाय दिसला."

"मंग मिटलं. आवो, माणसानं सांगावं, आपण ऐकावं. मी काय कुणाला बोलणार हाय का?" दादासाहेबांचा स्वर फार प्रेमळ होता. माणसं जिंकली की प्रेमळ होतात. "आमची सारजा बी तशीच. पोर गुणाची, पण सांगताना जरा वाढवून सांगती. आता कळलं, कुणाचं घेतलंय ते."

तात्याबा काहीतरी बोलणार एवढ्यात खालून हाक आली.

"आबा! मामा! घावला!"

सारजा चढ चढून धावतच आली. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता आणि लुगड्याचा काठ भिजून पायाला चिकटला होता.

"काय घावलं, पोरी?" दादासाहेबांनी विचारलं.

"झिरा! हितं खालीच, दरडीत. आमी आडोसा बघाया गेलो तर खाली वल्या मातीत हरणाची खुरं दिसली, आत जाताना. मी फटीतनं शिरले. पाणी हाय, मामा. गार हाय."

दादासाहेबांनी तिच्याकडं कौतुकानं बघितलं. मग तात्याबांकडं बघितलं. मग हसले. "शाबास. बापाची बाजू लेकीनं न्हाय राखायची तर कुणी? बस, दम खा."

"मामा, खरंच हाय! काठ बघा माझा, वला झालाय."

"पाण्याचा तांब्या लवंडला आसंल वाटंत."

मागोमाग धापा टाकत साखरबाई आल्या. त्यांच्या हनुवटीवरून अजून पाणी ओघळत होतं. "आवो, पोरगी खरं बोलती. मी वंजळीनं पाणी प्याले."

"तू?"

"मी."

"तुला तहान लागली हुती. तहानंला आसं वाटतं माणसाला."

साखरबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. "आवो, मी पाणी प्याले आन् तुमी मला सांगताय, न्हाय प्याले?"

"आगं, सुनंला वाईट वाटू ने म्हणून तू व्हय म्हणतीस. मोठं मन हाय तुझं."

घरात दोन वर्षं जो खेळ चालला होता तो सुनेच्या जागी उभं राहून कसा लागतो, याची साखरबाईंना कल्पना नव्हती. आता आली. त्या दोन पावलं सरकून सारजाला अगदी खेटून उभ्या राहिल्या. पाठोपाठ तानूबाई वर आल्या, त्यांनी चौघांची तोंडं बघितली आणि काय झालं असेल ते न विचारताच ओळखलं.

"चला," दादासाहेब उठले. "ऊन झालं. जीपमधी भाकरी हाय. झिरा हुता, न्हवता, सोडून द्या. आपल्या नात्यात त्यानं काय फरक पडत न्हाय." आणि ते फाटकाच्या दिशेला वळले. आश्चर्य म्हणजे दिवसभरात पहिल्यांदाच त्यांनी वाट बरोबर धरली होती.

तात्याबांनी मागं जायचं. एक पाऊल सोडून, नेहमीसारखं. त्यांचा पाय उचललाही गेला होता. तेवढ्यात त्यांनी सारजाकडं बघितलं. ती कुणाकडं बघत नव्हती. लुगड्याचा भिजलेला काठ ती हातानं पिळत होती, जसा काही तो भिजला हीच तिची चूक असावी.

"दादासाहेब, थांबा."

दादासाहेब थांबले. तात्याबा त्यांच्यापाशी आले, बाजूनं निघाले, आणि त्यांना ओलांडून पुढं गेले. तानूबाईंचा हात तोंडावर गेला. व्याह्यांना पाठ दाखवून तात्याबा उताराला लागले आणि न वळता म्हणाले, "तुमी मागनं या."

सांगवीत दादासाहेबांना 'मागनं या' म्हणायची कुणाची टाप नव्हती. ते रागावले असते, पण रागावायच्या आधी नवल वाटलं, आणि त्या नवलातच ते मागनं आले.

*

फट होती. तात्याबा आडवे होऊन सहज आत गेले. म्हातारपणानं त्यांना लहानपणचीच जाडी परत दिली होती. दादासाहेबांचं डोकं गेलं, खांदा गेला, आणि मग पोट आलं.

"तात्या, हितनं कळप जात हुता म्हणला हुतात ना?"

"मेंढरं व्हती, पाव्हणं. श्वास सोडा."

तात्याबांनी आतून दोन्ही हात धरून ओढलं. मागून रेटा द्यायचं काम साखरबाईंनी आनंदानं अंगावर घेतलं. गरजेपेक्षा त्यांनी जरा जोरातच रेटलं असावं, कारण दादासाहेब आत आले ते थेट पाण्याच्या काठी गुडघ्यांवर.

खोलगट दगडात पाणी होतं. भाकरीचं पीठ मळायच्या परातीएवढं. एका मोठ्या बाईनं मांडी घालून बसायचं म्हटलं तर त्यातलं निम्मं बाहेर सांडलं असतं. वरच्या कपारीतून काळ्या दगडावरून एक ओली रेघ खाली येत होती, तिला धारसुद्धा म्हणता आलं नसतं. पण तळाचा खडा न् खडा दिसत होता, आणि बाहेर माळ तापलेला असताना आत अंगावर काटा येत होता.

दादासाहेबांनी परातीएवढ्या पाण्याकडं बघितलं. तात्याबांनी दादासाहेबांकडं बघितलं. कारखान्याचा विषय आता निघणार, हे दोघांनाही माहीत होतं.

दादासाहेबांनी तो काढला नाही. त्यांनी मागं हात केला, "तांब्या," म्हणाले. फटीतून तांब्या आला. ते पाणी उपसायला लागले. बाहेर फेकत गेले, फेकत गेले, तळ उघडा पडला. मग गुडघे दुमडून बसले आणि बघत राहिले. दगडावरची ओली रेघ आपलं काम करत राहिली. बाहेर सारजा आणि साखरबाई फटीला डोळे लावून उभ्या होत्या. तळाला तळहाताएवढं पाणी आलं. मग ताटलीएवढं. मग ते पहिल्या खुणेला जाऊन थांबलं, एक थेंब पुढं नाही.

दादासाहेबांनी पुन्हा सगळं उपसलं. पुन्हा भरलं. तेव्हा ते उठून दरडीच्या मागं वाकून बघायला लागले.

"काय हुडकताय?"

"त्यो फाटकावरचा पोऱ्या मागनं पायपानं सोडत न्हाय ना, ते बघतो."

पाइप नव्हता. दादासाहेब परत येऊन बसले. या खेपेला त्यांनी तांब्या भरला, एका दमात प्याले, ओठ पुसले, आणि फटीबाहेर तोंड करून म्हणाले, "सारजा."

"जी, मामा."

"गार हाय. तू म्हणालीस तसंच हाय."

एवढंच म्हणाले. पण ते तात्याबांशी बोलले नव्हते, सारजाशी बोलले होते. तात्याबांनी पाण्यात हात घातला आणि बराच वेळ काढला नाही.

*

परतीला दादासाहेब रविंद्रपाशी थांबले आणि झिऱ्याची वाट त्याला स्वतः समजावून सांगितली. सांगताना दोनदा चुकले. तानूबाईंनी तात्याबांकडं बघितलं, पण तात्याबा आज पुरेसं पुढं चालून झाले होते.

जीप निघाली. उसाच्या गाड्यांसाठी माळाच्या कडेनं हल्लीच एक कच्चा रस्ता काढला होता, येताना ध्यानात न आलेला त्याचा फाटा आला. दादासाहेबांनी गाडी हळू केली. इकडून की तिकडून? शेजारी तात्याबा बसले होते, वरकुट्यात जन्मलेले. दादासाहेबांनी त्यांच्याकडं बघितलंही नाही.

"सारजा, कुठनं गं?"

सारजा जरा गडबडली. लग्नानंतर ती आज पहिल्यांदाच या बाजूला आली होती, आणि हा रस्ता तर नवाच होता. "डावीकडनं, मामा," ती म्हणाली.

दादासाहेबांनी डावीकडं वळवली. साखरबाई म्हणाल्या, "व्हय, डावीकडंच बरं."

डावीकडची वाट वरकुट्याला जात नव्हती. तात्याबांना ते लख्ख माहीत होतं. त्यांनी डोक्यावरचा पटका नीट केला, आज पहिल्यांदाच सीटला पाठ टेकवली आणि पुढच्या काचेतून रस्ता बघत बसले.

उसाचं रान लागलं. ते संपलं. मग ओढा आला, मग कुणाची तरी विहीर, मग एका अनोळखी गावाची कौलारू शाळा. शाळेपाशी दादासाहेबांनी गाडी थोडी थांबवली आणि भिंतीवरचं गावाचं नाव वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. मग गिअर टाकला.

"पोरीनं सांगितलंय ना," ते म्हणाले, "म्हंजी वरकुटं हिकडंच आलं आसंल."